फुलपाखरू बघायचंय? आधी गवत बघा

इंग्लंडमध्ये सॉमरसेटला कॉलार्ड हिल नावाची टेकडी आहे. जूनच्या मध्यानंतर लोक लांबलांबून इथे येतात ते ‘लार्ज ब्लू’ हे निळं फुलपाखरू बघायला. नाव मोठं, पण पंख पसरून ते जेमतेम दोन इंच भरतं. सोबतचा वाटाड्या जाणकार असेल तर तो आधी गुडघ्यांवर बसवून गवत दाखवतो.

मादी थाइम या सुगंधी रानवनस्पतीच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे फुलं खाते आणि एका संध्याकाळी स्वतःला खाली सोडून देते. आता सगळी भिस्त मुंगीवर. लाल मुंगी आली की अळी अंगातून गोड थेंब सोडते, मुंगी तो चाटते. मग अळी अंग असं फुगवते की मुंगीला ते आपल्याच घरचं हरवलेलं पिल्लू वाटतं. ती तिला तोंडात धरून वारुळात नेते. आणि ही पाहुणी आत मुंग्यांचीच पिल्लं खात बसते, थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत! तिच्या वजनातला ९८ टक्क्यांहून जास्त भाग या फुकटच्या पाहुणचाराचा.

गोम अशी की कुठलीही मुंगी चालत नाही. १९७०च्या दशकात कीटक-अभ्यासक जेरेमी थॉमस यांनी दाखवून दिलं की या अळ्या खऱ्या जगतात त्या ‘मिर्मिका सॅब्युलेटी’ या जातीच्या वारुळात. या मुंगीला उन्हाने तापलेली माती लागते. गवत तीनेक सेंटिमीटरच्या वर गेलं की माती गार पडते आणि तिची जागा दुसरी मुंगी घेते.

तोवर हे फुलपाखरू कमी होण्याचं खापर फुटत होतं ते फुलपाखरं पकडणाऱ्या हौशी लोकांवर. त्यांना अडवायला कुंपण घातलं, तर गुरंही बाहेर राहिली आणि गवत माजलं. १९५०च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीत ससे मेले, म्हणजे उरलेले चरणारेही गेले. कारण कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं. आज दिसतो तो स्वीडनहून आणलेला वंश. कॉलार्ड हिलवर तो २००० साली सोडला. गवत आखूड ठेवायचं काम आता गुरांकडे.

कडक उन्हात ते पंख मिटून बसतं, म्हणून निळाई बघायला थोडं आभाळ आलेलं बरं. मी मात्र सकाळची वेळ निवडेन. कोष वारुळातच असतो, त्यामुळे नवं फुलपाखरू मातीतून चालत वर येतं. पंख चुरगळलेले, ओलसर. गवताच्या पात्यावर चढून ते थांबतं आणि पंख हळूहळू ताठ होत जातात.