गोल्फ जीटीआय, पहिली पिढी : घरगुती पुनर्बांधणी व फेरबदल

फोल्क्सवागन कंपनीने १९७६ ते १९८३ या काळात बनवलेली गोल्फ जीटीआय ही पुढच्या चाकांना गती देणारी, मागे वर उघडणारे दार असलेली छोटी वेगवान मोटार. ती पूर्ण उघडून, गंजलेला पत्रा बदलून, इंजिन नव्याने बांधून आणि बहुधा मूळच्यापेक्षा थोडी अधिक ताकदवान करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम युरोपात, त्यातही जर्मनी व ब्रिटनमध्ये, हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये करतात. मूळ गाडीचे वजन सुमारे ८१० किग्रॅ. आणि इंजिन १,५८८ घसेंमी., ११० अश्वशक्तीचे (जर्मन मापाने). १९८२ च्या उत्तरार्धात १,७८१ घसेंमी., ११२ अश्वशक्तीचे इंजिन आले. सुरुवातीचा चार गतींचा गिअरबॉक्स १९७९ मध्ये पाच गतींचा झाला.

उगमाचा वाद : या जातीच्या मोटारींना ‘हॉट हॅच’ म्हणतात. हा शब्द ब्रिटिश मोटार-नियतकालिकांत १९८० नंतर रुळला असावा; गोल्फ जीटीआय बाजारात आली तेव्हा तो प्रचारात नव्हता. त्यामुळे ‘पहिली हॉट हॅच कोणती’ हा प्रश्न मागाहून घातलेल्या नावाचा आहे आणि त्याची उत्तरे व्याख्येनुसार बदलतात. इटालियन पक्ष आउटोबियांकी ए११२ आबार्थकडे (१९७१) बोट दाखवतो. तिला मागचे दार होते, पण पहिल्या आवृत्तीची ताकद ५८ अश्वशक्ती एवढीच होती. फ्रेंच पक्ष सिम्का ११०० टीआयचा दावा करतो. ती १९७३-७४ च्या सुमाराची, १,२९४ घसेंमी. व ८२ अश्वशक्तीची, म्हणजे गोल्फच्या आधीची. रेनो ५ अल्पीन (९३ अश्वशक्ती) १९७६ मध्ये, गोल्फ जीटीआयच्या आगेमागेच विक्रीस आली. ब्रिटनमध्ये ‘अल्पीन’ हे नाव क्रायसलरकडे असल्याने तिथे ती ‘गोर्डिनी’ म्हणून विकली गेली. कमी ताकदीची आउटोबियांकी बाजूला ठेवून कालक्रम पाहिला तर सिम्काचे पारडे जड दिसते. पण इंधन-अंतःक्षेपण (फ्युएल इंजेक्शन), शंभरावर अश्वशक्ती आणि रोजच्या वापराची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र असणे हा निकष धरला तर गोल्फला बाजूला सारणे कठीण आहे, आणि पुढे ज्यांनी नक्कल केली त्यांनी गोल्फचीच केली. ‘जीटीआय’ ही अक्षरेही फोल्क्सवागनची नव्हेत. मासेराटीने ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ३५०० जीटीआयवर वापरली होती.

कंपनीतील जन्मकथेचीही दोन रूपे आहेत. आल्फोन्स लोव्हेनबेर्ग या अभियंत्याने १९७३ मध्ये ‘स्पोर्ट गोल्फ’ची कल्पना सहकाऱ्यांपुढे मांडली. हेर्मान हाब्लिट्सेल आणि प्रसिद्धिप्रमुख आंटोन कोनराड यांच्यासह एका छोट्या गटाने ती अनधिकृतपणे पुढे नेली. लोकप्रिय कथनात हे सगळे काम चोरून, सुटीच्या दिवशी झाले असे रंगवले जाते. तथापि १९७५ मध्ये प्रकल्पाला रीतसर मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात गाडी ठेवली गेली, हे पाहता ‘गुप्त’ टप्पा फारसा लांब नसावा. ५,००० गाड्यांची योजना होती. पहिल्या पिढीच्या सुमारे ४ लाख ६० हजार जीटीआय बनल्या. आसनांचे चौकड्याचे कापड आणि गोल्फच्या चेंडूसारखी गिअरची मूठ ही गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांची कल्पना.

सुटे भाग : एवढ्या जुन्या गाडीचे काम घरी शक्य होते याचे कारण भागांच्या उपलब्धतेत आहे. हीच बॉडी दक्षिण आफ्रिकेत ‘सिटी गोल्फ’ या नावाने २००९ पर्यंत बनत होती आणि जर्मनीत कार्मानने ओस्नाब्र्युक येथे तिची उघड्या टपाची आवृत्ती १९९३ पर्यंत बनवली. इंजिन तर ईए८२७ या घराण्यातले, जे कंपनीने अनेक दशके असंख्य गाड्यांत बसवले. मिळत नाहीत ते खास जीटीआयचे अंतर्भाग: चौकड्याचे कापड, लाल किनारीची जाळी, मूळ आसने. म्हणून खरेदी करताना इंजिन बंद पडलेली पण आतून पूर्ण गाडी ही, इंजिन चालू पण आतून ओरबाडलेल्या गाडीपेक्षा चांगली समजावी.

गंज : पुनर्बांधणीचा खर्च इंजिन नव्हे, पत्रा ठरवतो. पाहण्याच्या जागा ठरलेल्या आहेत : पुढच्या काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे, दारांखालचे पेटीपट्टे, जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या स्ट्रटचे (चाकाचा धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगसह खांबाचे) वरचे टोक, मागच्या आसाचे पुढचे बांधे आणि चालकाच्या पायाखालची जमीन. सर्वांत दगाबाज जागा म्हणजे इंधन भरण्याची नळी. मागच्या चाकाच्या कमानीत ती चिखलाचा मारा खाते, आतून-बाहेरून गंजते आणि पाणी व गंजाचा चुरा थेट टाकीत सोडते. त्याचे परिणाम टाकीत न दिसता इंजिनावर दिसतात (पुढे पहा), आणि मालक महिनोन् महिने चुकीच्या जागी दोष शोधत बसतो. गाडी उघडल्यावर ही नळी पाहण्याआधी इंधनप्रणालीला हात लावू नये.

गंजलेला पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कापावा. वरून लांबी (पुट्टी) भरली तर दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात. पेटीपट्टे कापण्यापूर्वी दारे जागेवर ठेवून फटी मोजाव्यात किंवा दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके मारून बसवावी. नाहीतर सांगाडा मिलिमीटरभर बसतो आणि नंतर दार लागत नाही. वेल्डिंग सलग ओढू नये. टाके दूर दूर मारावेत व मधले अंतर हळूहळू भरावे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. बॅटरीची तार आधी काढावी आणि इंधनाची टाकी गाडीतून पूर्ण बाहेर असावी. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरते.

इंजिन : उघडण्यापूर्वी दाब मोजावा. चार सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेले आहे. सिलिंडरात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला तर दोष रिंगांचा. या इंजिनाचा निळा धूर मात्र बहुधा व्हॉल्व्हच्या रबरी सीलांमुळे असतो. उतारावरून पाय काढून खाली येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला की सील, सतत आला की रिंगा, असा ढोबळ भेद करतात.

हेड (सिलिंडरांवरचे झाकण) सपाटीवर ०·१ मिमी.पेक्षा जास्त वाकलेले असेल तर फेस करून घ्यावे, पण त्याची उंची १३२·६ मिमी.च्या खाली जाता कामा नये. दोन व्हॉल्व्ह-बैठकांमधली बारीक चीर पाहून नवखे लोक हेड भंगारात काढतात, ०·५ मिमी.पर्यंत रुंद चीर चालते, ते हेड वापरण्याजोगे असते. पिस्टनची रिंग एकटी सिलिंडरात सरकवून, खालच्या काठापासून सुमारे १५ मिमी.वर आणून तिच्या टोकांतली फट पात्यांनी मोजतात. नव्या रिंगेची फट ०·३० ते ०·४५ मिमी. असावी, १ मिमी. ही शेवटची हद्द. बोअर करायचे ठरले तर पिस्टन ०·२५ व ०·५० मिमी. जाड मिळतात. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक कारखान्यात देऊ नये, कारण बोअर पिस्टनच्या मापाने करतात.

हेडच्या बोल्टांत गफलत होते. जुने बोल्ट षट्कोनी खाचेचे, नंतरचे बारा टोकांचे. बारा टोकांचे बोल्ट ताणून बसवण्याच्या जातीचे असल्याने ते एकदाच वापरायचे : ४० न्यूटन-मीटर, मग ६० आणि मग अर्धा फेरा. पुन्हा आवळायचे नाहीत. टायमिंग बेल्टचा ताण पाहण्याची पद्धत आजही तीच आहे : कॅमशाफ्टच्या व मधल्या शाफ्टच्या दात्यांच्या मधोमध पट्टा अंगठा व तर्जनीत धरून पिळावा, तो जेमतेम ९० अंश वळला पाहिजे. सैल राहिला तर दात उड्या मारतो, घट्ट झाला तर घरघर करतो. मधला शाफ्ट डिस्ट्रिब्यूटर फिरवतो, म्हणून त्याचीही खूण जुळवणे विसरू नये.

टॅपेट (कॅम व व्हॉल्व्ह यांमधले भाग) शिमांचे, म्हणजे फट जुळवणाऱ्या पातळ चकत्यांचे आहेत, हायड्रॉलिक नव्हेत. इंजिन गरम असताना आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०·२० ते ०·३० मिमी. आणि बाहेर सोडणाऱ्याला ०·४० ते ०·५० मिमी. फट ठेवतात. शिमा ०·०५ मिमी.च्या टप्प्याने मिळतात. शिमेवरचा आकडा खालच्या बाजूला बसवावा, म्हणजे कॅमच्या घर्षणाने तो पुसला जात नाही.

क्लच व गिअरबॉक्स : इथे नेहमीची रचना उलटी आहे. प्रेशर प्लेट क्रँकशाफ्टला बोल्टने बसते, तिच्यावर क्लच प्लेट आणि सर्वांत बाहेर फ्लायव्हील. इतर गाड्यांची सवय असलेला माणूस हा क्रम पाहून काहीतरी चुकले म्हणून भाग परत उलगडतो. क्लच दाबणारी काडी गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टच्या पोकळीतून जाते. त्यामुळे रिलीज बेअरिंग दुसऱ्या टोकाला असते आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

या ०२० गिअरबॉक्सचा मोठा दोष डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना गती वाटणाऱ्या यंत्रणेत) आहे. मोठे दातेरी चाक रिव्हेटांनी जोडलेले असते. ताकद वाढवली किंवा चाके घसरवत सुरुवात केली की रिव्हेट ढिले होतात, त्यांची डोकी बाहेर येतात आणि शेवटी ॲल्युमिनियमच्या कवचाला भोक पाडतात. तेल काढताना चुंबकाला बारीक भुकटी चिकटली तर ती नेहमीची झीज; तुकडे आले तर गिअरबॉक्स उघडावाच. रिव्हेट छिद्र पाडून काढून उच्च ताणशक्तीचे बोल्ट बसवण्याचा संच मिळतो. इंजिन बदलणार असाल तर हे काम त्याआधी करावे. तेल चार गतींच्या गिअरबॉक्सला १·५ लिटर, पाच गतींच्याला २ लिटर.

के-जेट्रॉनिक : बॉश कंपनीची ही यांत्रिक अंतःक्षेपण-प्रणाली बदनाम आहे, पण तिचे बहुतेक ‘दोष’ हवेच्या गळतीचे किंवा घाणीचे असतात. हवेच्या प्रवाहाने एक तबकडी उचलली जाते, तिच्या दांड्याने इंधन-वितरकातला दांडा वर सरकतो आणि त्या प्रमाणात चारही नळ्यांना सतत इंधन मिळते. तबकडीला चुकवून हवा आत शिरली की मिश्रण विरळ होते. तपासणी सोपी आहे : इंजिन चालू ठेवून तेलाची काडी बाहेर काढावी. फेरे खाली आले किंवा इंजिन बंद पडू लागले तर प्रणाली हवाबंद आहे. काहीच फरक पडला नाही तर गळती आधीपासून आहे. मग इंजेक्टरांची रबरी वलये, तेलाचे झाकण आणि रबरी कोपरा तपासावा. गंजलेल्या नळीतला चुरा वितरकाच्या दांड्यात अडकतो. तो दांडा हलक्या हाताने, केवळ पेट्रोलने धुवावा, सँडपेपर कधीही लावू नये. मिश्रण ३ मिमी.च्या लांब ॲलन पान्याने, एका वेळी अगदी थोडे फिरवून जुळवतात. पाना स्क्रूत असताना ॲक्सिलरेटर दाबला तर तबकडीचा दांडा वाकतो.

ताकदवाढ : ब्रेक आधी, इंजिन नंतर, हा क्रम अनुभवी लोक पाळतात. मूळ पुढची डिस्क २३९ मिमी. व्यासाची. १४ इंची चाके असतील तर २५६ मिमी., १५ इंची असतील तर २८० मिमी.ची डिस्क नंतरच्या फोल्क्सवागनांमधून बसवता येते. उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाड्यांत ब्रेकचा बूस्टर डावीकडेच राहिला आणि पेडल एका आडव्या दांड्याने त्याला जोडले गेले. या दांड्याची बुशे झिजली की पेडल मऊ लागते, आणि लोक नाहक नव्या डिस्कवर पैसे घालतात. स्ट्रट सोडताना हबला जोडणाऱ्या वरच्या बोल्टची स्थिती खडूने खुणवावी. तो विकेंद्री असून चाकाचा कल त्यावर अवलंबून असतो. गाडी ४० मिमी.पेक्षा जास्त खाली आणली तर खालच्या भुजा वर झुकतात, वळणावर गाडी उलट अधिक कलते.

ताकद वाढवणारा बदली कॅमशाफ्ट के-जेट्रॉनिकला फार मानवत नाही. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले की हवेचे धक्के तबकडीला हलवतात आणि रिकाम्या फेऱ्यांवर इंजिन डुलते. याहून पुढे जायचे तर जुळ्या कार्ब्युरेटर किंवा संगणकी प्रणालीकडे वळावे लागते. सोळा व्हॉल्व्हचे १,७८१ घसेंमी.चे इंजिन (१३९ अश्वशक्ती) जुन्या गिअरबॉक्सला सहज जुळते. दोन लिटरच्या, १५० अश्वशक्तीच्या एबीएफ इंजिनाचा ब्लॉक मात्र सुमारे १६ मिमी. उंच आहे. बॉनेट लागत नाही म्हणून बांधे कापावे लागतात, हे आधी मोजून पाहावे. चाकांच्या शाफ्टच्या चकत्या ९० व १०० मिमी. अशा दोन मापांच्या असतात. गिअरबॉक्स विकत घेताना तीच पहिली मोजावी.

कायदा : जर्मनीत ३० वर्षांवरील गाडीला ऐतिहासिक नोंदणीपट्टी मिळते, पण फेरबदल त्या काळात रूढ असलेले हवेत, मान्यता न घेतलेला भाग बसवला तर गाडीची चालवण्याची परवानगीच रद्द होऊ शकते. भारतात ही पिढी अधिकृतपणे विकली गेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरबदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. चाकणच्या कारखान्यामुळे फोल्क्सवागन हे नाव पुणेकरांच्या ओळखीचे असले तरी तिथे पोलोसारख्या नव्या गाड्याच बनल्या.