अर्थशास्त्र मेजर: तिसऱ्या-चौथ्या वर्षाला कागद कुठे अडतात

टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आलेली मुलं इकॉनोमेट्रिक्सची (अर्थशास्त्रातल्या आकडेवारीच्या विषयाची) धास्ती घेतात. अडतं मात्र भलत्याच ठिकाणी.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. सत्राला साधारण २२ क्रेडिट, तीन वर्षांचे १३२, चौथं वर्ष केलं तर १७६. पाचव्या सत्रापासून भर मेजरवर, म्हणजे मुख्य विषयावर येतो. इलेक्टिव्हच्या यादीत नावं भरपूर असतात, पण आपलं कॉलेज शिकवतं तेच घेता येतं, म्हणून फॉर्म भरण्याआधी विभागात विचारा.

खरी अडचण ऑन जॉब ट्रेनिंगची. बहुतेक ठिकाणी ते सहाव्या सत्रात येतं, क्रेडिट ४, म्हणजे १२० तास. एका मुलीने पतसंस्थेत वीस दिवस, रोज सहा तास काम केलं. कर्जाच्या फायली लावल्या, थकबाकीचे तक्ते केले. दाखल्यावर मात्र एवढंच: ‘एक महिना समाधानकारक काम केले.’ तास नाहीत, तारखा नाहीत, शिक्का पुसट. दाखला परत आला, आणि तोवर सही करणारे साहेब बदलून गेले होते. काम प्रामाणिकपणे केलेल्या मुलीला एका ओळीसाठी हेलपाटे घालायला लावणं अन्यायाचंच आहे. पण तुम्ही तरी सावध राहा. पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, तास, काम, सही. दाखला लेटरहेडवर, एकूण तासांसह, शेवटच्या दिवशीच घ्या.

दुसरी गाठ नावाची. एबीसी आयडी, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरमधून निघतो आणि नाव आधारवरचं घेतो. आधारवर सासरचं आडनाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं असेल, तर क्रेडिट खात्यात जमा होताना अडकू शकतात. हे दुरुस्त व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पाचव्या सत्रातच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

चौथ्या वर्षाला ‘ऑनर्स विथ रिसर्च’, म्हणजे संशोधन प्रकल्पासह पदवी हवी असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के लागतात. इथेच सर्वांत जास्त गैरसमज होतो. फक्त टीवायचे गुण धरत नाहीत, एफवायचे म्हणजे पहिल्या वर्षाचेही मोजतात. निकाल सीजीपीएत, म्हणजे एकत्रित श्रेणी-सरासरीत असेल तर टक्केवारी स्वतःच्या मनाने काढू नका, विद्यापीठाचं सूत्रच चालतं. संशोधन प्रकल्प १२ क्रेडिटचा असतो आणि तो प्रत्येक कॉलेजात होत नाही. आपल्या विभागाला परवानगी आहे का, मार्गदर्शक कोण, हे सहावं सत्र संपायच्या आत विचारा. नसेल तर दुसरं कॉलेज शोधायला वेळ मिळेल.

७५ टक्के हुकले म्हणून फॉर्म टाकून देणारी मुलं पाहिली की जीव तुटतो. साधं ऑनर्स तुम्हाला खुलं आहे, प्रकल्पाऐवजी तेवढे क्रेडिट इतर विषयांतून मिळवता येतात. चार वर्षांच्या पदवीवर थेट पीएचडीला जायचं असेल, तर मात्र २०२२ च्या यूजीसी नियमांप्रमाणे त्या पदवीला एकूण ७५ टक्के लागतात. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना त्यात ५ टक्क्यांची सवलत मिळू शकते. ती हवी असेल तर नॉन-क्रीमी लेअरच्या दाखल्याची मुदत आजच बघा.