उघडी हळद आणि अवतरणातली हळद

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी हिशेबपट्टी छापणारी एक्सएसएलटी स्टाइलशीट मी लिहिली होती. स्टाइलशीट म्हणजे एक्सएमएल फाइलीतली, टॅगांमध्ये बांधलेली माहिती हवी तशी मांडून देणाऱ्या सूचना. पहिल्याच सकाळी मालाचा रकाना कोरा. पडद्यावर चुकीचा साधा निरोपही नाही. दिवाणजींनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हळद कुठं गेली हो?"

काय छापायचं, हे व्हॅल्यू-ऑफ या सूचनेच्या सिलेक्टमध्ये सांगतात. तिथं मी "हळद" असं लिहिलं होतं. दुहेरी अवतरण दिलंय की, असं मलाही वाटलं. पण ते अवतरण एक्सएमएलचं. अ‍ॅट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहिलेली जोडमाहिती, इथं सिलेक्ट) कुठून कुठवर, एवढंच ते सांगतं. आतला मजकूर जातो एक्सपाथकडे, म्हणजे फाइलीतून हवी ती माहिती शोधून काढणाऱ्या भाषेकडे, आणि तो त्याला एक्सप्रेशन, म्हणजे सोडवायचं सूत्र समजतो. गोदामातल्या पोऱ्याला नुसतं 'हळद' म्हटलं तर तो पोतं शोधायलाच पळणार. एक्सपाथही तसाच 'हळद' नावाचा घटक (टॅगची जोडी आणि तिच्यातला मजकूर) शोधतो. (घटकांची नावं देवनागरीत चालतात.) सापडला नाही तर हाती येतो रिकामा संच, आणि त्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, रिकामी. तक्रार कसली करणार? शब्दच छापायचा तर आत आणखी एक अवतरण लागतं: "'हळद'".

घटक सापडला तरी छापली जाते त्याची स्ट्रिंग व्हॅल्यू. आमच्या फाइलीत असं होतं:

<माल>राजापुरी <प्रत>पहिली</प्रत> हळद</माल>

याची स्ट्रिंग व्हॅल्यू 'राजापुरी पहिली हळद'. आतले टॅग गळतात आणि कितीही खोलवरचा मजकूर ओळीनं जोडला जातो. अ‍ॅट्रिब्यूट आणि कॉमेंट त्यात येत नाहीत. असे तीन 'माल' निवडले गेले, तर एक्सएसएलटीची १९९९ची १.० आवृत्ती फक्त पहिला छापते, २००७ची २.० तिन्ही, मध्ये जागा सोडून. मला दुसरी पद्धत बरी वाटते, निदान माल गायब होत नाही.

खरी गंमत पोत्यांच्या बेरजेत झाली. दिवाणजींच्या हट्टाखातर मी फाइलीत ४० असा मराठी आकडा भरला होता. एक्सपाथला आकडे कळतात ते इंग्रजीच. आपला ४० त्याच्या लेखी नुसती अक्षरं. बेरजेच्या जागी छापून आलं 'एनएएन', म्हणजे 'नॉट अ नंबर'.

"हा कुठला नवा व्यापारी?" दिवाणजी.

आता फाइलीत इंग्रजी आकडे असतात, बेरीज त्यांचीच होते, आणि छापताना ट्रान्सलेट फंक्शन एकेक अंक बदलून मराठी करतं.