मास्तर कृष्णरावांच्या चाली आणि त्या गाणारे गळे

कृष्णराव गणेश फुलंब्रीकर, म्हणजे मास्तर कृष्णराव (१८९८–१९७४), यांचे नाव मराठी संगीताच्या इतिहासात चार ठिकाणी भेटते, आणि ती चारही ठिकाणे बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत असतात. ख्यालगायकांच्या, म्हणजे रागदारी गाणाऱ्या गवयांच्या, परंपरेत ते गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे पट्टशिष्य आहेत, संगीत रंगभूमीच्या इतिहासात गंधर्व नाटक मंडळीतील गायक-नट आणि नंतर तिचे संगीतकार, बोलपटांच्या इतिहासात ‘प्रभात’ या चित्रपटसंस्थेचे संगीत दिग्दर्शक, आणि राष्ट्रगीताच्या निवडीच्या हकिगतीत ‘वंदे मातरम्’साठी संविधान सभेच्या सदस्यांपुढे उभे राहिलेले गायक. या नोंदी सुट्या राहिल्यामुळे त्यांच्या कामाची एकूण वाट नीट दिसत नाही. ती एका ओळीत वाचली तर एक गोष्ट लक्षात येते: पंचवीस-तीस वर्षांच्या अवधीत हा संगीतकार पट्टीच्या गवयासाठी चाली बांधण्यापासून निघून, ज्यांनी गाण्याची तालीम कधीच घेतलेली नाही अशा माणसांसाठी चाली बांधण्यापर्यंत पोहोचला, आणि तरीही त्याने आपला रागविचार सोडला नाही.

आळंदीला जन्मलेल्या कृष्णरावांची सुरुवात त्या काळातील पुष्कळ सुरेल मुलांप्रमाणे नाटक कंपनीतच झाली. नाट्यकला प्रवर्तक मंडळीत ते बालनट म्हणून गाऊ लागले. त्याच मंडळीत गायक सवाई गंधर्व होते, आणि रागसंगीताची पहिली गोडी त्यांच्याकडून लागली. १९११ च्या सुमारास ते भास्करबुवांकडे आले आणि बुवांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, त्यांच्यापाशी शिकले. पुढचे सगळे या शिक्षणातून निघाले असल्यामुळे त्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. भास्करबुवांनी स्वतः फैज महंमद खाँ यांच्याकडून ग्वाल्हेर घराण्याची, नथ्थन खाँ यांच्याकडून आग्र्याची आणि अल्लादिया खाँ यांच्याकडून जयपूर-अत्रौलीची तालीम घेतली होती. घराण्यांच्या भिंती उंच असण्याच्या त्या काळात तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात नांदू शकते, हे शिष्यांनी रोज ऐकले. शिवाय बुवा ख्यालाइतक्याच मनापासून ठुमरी, भजन आणि नाट्यपद गात असत. हलक्या प्रकाराला कमी न लेखण्याची ही दृष्टी कृष्णरावांनी गुरूकडून घेतली, आणि माझ्या मते हीच त्यांची खरी शिदोरी होती. त्यांची स्वतःची मैफलीची गायकी चपळ आणि खेळकर होती. लहान लहान स्वरवाक्ये, अनपेक्षित वळणे आणि बोलांशी लडिवाळपणा हा तिचा स्वभाव होता. दीर्घ, संथ आलापीची अपेक्षा ठेवणाऱ्या जाणकारांना ती कधी अपुरी वाटली असेल. पण चाल बांधणाऱ्याला लागते ती हीच बुद्धी, कारण थोडक्या जागेत रागाचा चेहरा दाखवण्याची सवय तिला आधीपासून असते.

गंधर्व नाटक मंडळी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी १९१३ मध्ये स्थापन केली. तिच्या संगीताची बाजू भास्करबुवांकडे आली आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकात त्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर, म्हणजे रागात बांधलेल्या रचनांवर, आधारलेली पदे दिली. ‘नाथ हा माझा’ किंवा ‘मम आत्मा गमला’ या पदांनी नाट्यपदाला मैफलीच्या उंचीवर नेले, परंतु त्यामुळे ते गाणाऱ्याकडून अपेक्षाही तितक्याच वाढल्या. कृष्णराव या मंडळीत नट म्हणून आले, बालगंधर्वांच्या समोर भूमिका करू लागले, आणि बुवांच्या निधनानंतर संगीताची जबाबदारी त्यांच्यावर पडली. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. ‘आशा-निराशा’, ‘नंदकुमार’, ‘मेनका’, ‘विधिलिखित’, ‘कान्होपात्रा’, ‘सावित्री’, ‘अमृतसिद्धी’ अशी या मंडळीची नाटके पुढील दहाबारा वर्षांत त्यांच्या चालींवर उभी राहिली.

हे काम सोपे नव्हते. गाणारे बालगंधर्व होते, साथीला कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला होता, आणि प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत एकेक पद पुन्हा पुन्हा गाऊन घेत असत. अशा वेळी चाल जेवढी बांधलेली तेवढीच मोकळी असावी लागते: तिचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी सुरुवातीची ओळ, पहिल्या ऐकण्यात मनात बसला पाहिजे आणि त्याच वेळी प्रत्येक फेरीला नव्या जागा घेता येतील अशी सोय तिच्यात असली पाहिजे. कृष्णरावांचे या काळातील सर्वांत टिकलेले काम १९३१ मधील ‘कान्होपात्रा’ हे आहे. ‘अवघाचि संसार सुखाचा करीन’, ‘अगा वैकुंठीच्या राया’, ‘जोहार मायबाप जोहार’ हे संतांचे शब्द त्यांनी रंगमंचावर आणले. हे अभंग वारकऱ्यांच्या तोंडी आधीपासून होतेच. त्यांना नाट्यपदाचा घाट देताना त्यांतला भजनाचा साधेपणा आणि आर्तता राखणे, ही त्यांनी साधलेली नवी गोष्ट. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यात, नाटक मंडळी आणि तिचे वैभव दोन्ही संपल्यानंतर, त्यांना आधार झाला तो मुख्यतः या भक्तिगीतांचाच.

बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे अर्थकारण कोसळले. १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आला तेव्हा त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते, म्हणजे बोलपटाने पहिल्या पावलालाच रंगभूमीकडून संगीतकार उसना घेतला. १९३३ मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून पुण्याला आली, टेंबे यांच्यानंतर केशवराव भोळे यांनी तेथे संगीताला भावगीताचे वळण दिले, आणि १९३५ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटासाठी कृष्णराव आले. एकनाथांची भूमिका करणारे बालगंधर्वच होते. स्त्रीभूमिकांनी अजरामर झालेले गंधर्व पुरुषवेषात, कॅमेऱ्यासमोर, ठरलेल्या लांबीचे पद गात आहेत, ही परिस्थिती सर्वांनाच अवघडल्यासारखी होती. बोलपटाच्या त्या दिवसांत पडद्यावरचा नट स्वतःच गात असे आणि चित्रण व ध्वनिमुद्रण एकाच वेळी चालत असे. त्यामुळे रंगमंचावर जी मोकळीक गंधर्वांचे बळ होती, तिला येथे जागाच उरली नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. कृष्णराव ‘प्रभात’मध्ये राहिले. दोघांनाही गाणे भास्करबुवांकडूनच मिळाले होते, पण बोलपटाची शिस्त एकाने अंगी बाणवली आणि दुसऱ्याला ती मानवली नाही. यात कलेच्या थोरवीचा प्रश्न नाही, तो स्वभावाचा आहे.

तीन-सव्वातीन मिनिटांत गाणे संपले पाहिजे, ही अट ग्रामोफोनच्या तबकडीने आधीच घातली होती. बोलपटाने तिच्यात आणखी दोन अटींची भर घातली. ध्वनिग्राहक जवळ असल्यामुळे थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज संपली, आणि गाणे प्रसंगाच्या मध्ये येऊ लागल्यामुळे ते कथेला थांबवणारे न राहता पुढे नेणारे असावे लागले. ‘अमर ज्योती’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपाल कृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटांत कृष्णरावांनी या अटी हळूहळू आत्मसात केलेल्या दिसतात. ‘गोपाल कृष्ण’मध्ये कृष्णाची भूमिका करणारे राम मराठे तेव्हा चौदा वर्षांचे होते, पुढे तेच कृष्णरावांच्या शिष्यपरंपरेतील नामवंत गवई झाले. या मुलासाठी आणि गोपाळांच्या घोळक्यासाठी बांधायच्या चाली गंधर्वांसाठी बांधलेल्या चालींपेक्षा मुळातच वेगळ्या असणार हे उघड आहे.

‘माणूस’मधील ‘कशाला उद्याची बात’ या गीताविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. अनंत काणेकरांच्या शब्दांवरचे हे गाणे शांता हुबळीकरांनी गायले आहे. प्रसंग कोठीवरचा आहे, समोर निरनिराळ्या प्रांतांतून आलेले पुरुष बसले आहेत, आणि गाणारी मैना प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत एकेक तुकडा ऐकवते. म्हणजे एका चालीत अनेक भाषांचे आणि त्या त्या प्रांतांच्या सुरावटींचे रंग यायला हवेत, तरी गाणे एकसंध वाटले पाहिजे, आणि वरवरच्या बेफिकिरीखाली त्या स्त्रीची असहायता जाणवली पाहिजे. हे सर्व थोड्या वेळात साधणारी ही रचना ऐकताना ख्यालगायकाची बुद्धी चित्रपटात कशी उपयोगाला येते हे मला सर्वांत स्पष्ट दिसते. मुखड्यावर परत येण्याची शिस्त मैफलीतली आहे. तुकड्यांचे वैविध्य पटकथेने मागितले आहे.

‘शेजारी’त त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या तुटलेल्या मैत्रीची ही कथा गावाजवळ बांधल्या जाणाऱ्या धरणाभोवती फिरते, आणि शांताराम आठवले यांचे ‘लख लख चंदेरी तेजाची न्यारी दुनिया’ हे गीत तिच्यात गावाच्या आनंदाचे गाणे म्हणून येते. समूहाच्या आवाजाला आणि पावलांच्या ठेक्याला धरून चालणारी ही चाल कुणीही एकदा ऐकून म्हणू शकतो. आज ज्यांना संगीतकाराचे नाव ठाऊक नाही तेही ती गुणगुणतात. १९२२ मध्ये गंधर्वांच्या गळ्यासाठी चाली बांधू लागलेला संगीतकार १९४१ मध्ये गर्दीच्या गळ्यापर्यंत आला होता.

चित्रपट करताना त्यांनी रंगभूमी सोडली नाही, पण तीही बदलली होती. मो. ग. रांगणेकर यांच्या ‘नाट्यनिकेतन’ची घरगुती विषयांवरची, आटोपशीर नाटके मोजकी पदे मागत होती. ‘कुलवधू’ (१९४२) या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांनी गायलेली ‘बोला अमृत बोला’ आणि ‘क्षण आला भाग्याचा’ ही पदे रागाधारित आहेत, तरी त्यांत बोलपटातून शिकलेली काटकसर स्पष्ट आहे. रंगभूमीवरून चित्रपटात गेलेले संगीत असे रंगभूमीवर परतले आणि परतताना लहान व नेमके होऊन आले. १९४४ मध्ये ‘राजकमल’ या चित्रपटसंस्थेच्या ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात कृष्णराव स्वतः सावता माळ्याच्या भूमिकेत पडद्यावर आले.

‘वंदे मातरम्’चे प्रकरण या क्रमात ठेवूनच वाचायला हवे. बंकिमचंद्रांच्या या गीताला अनेक चाली होत्या. विष्णु दिगंबर पलुस्कर काँग्रेसच्या अधिवेशनांत ते काफी रागात गात. कृष्णरावांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि ती आपल्या मैफलींतून ते गात राहिले. मुंबई रेडिओवरील थेट कार्यक्रमात त्यांनी हे गीत सुरू करताच प्रक्षेपण तोडण्यात आले, तेव्हा त्यांनी रेडिओवर गाण्याचेच बंद केले आणि स्वातंत्र्य आल्यावरच ते तेथे परतले. राष्ट्रगीताचा प्रश्न उभा राहिला तेव्हा ‘वंदे मातरम्’विरुद्ध एक आक्षेप संगीताचा होता: ही चाल वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर वाजवता येत नाही आणि समूहाला एकत्र म्हणता येत नाही. कृष्णरावांनी या आक्षेपाला वादाने उत्तर दिले नाही. त्यांनी समूहगानासाठी सोपी चाल तयार केली, पाश्चात्त्य पद्धतीच्या बँडवर ती बसवून घेतली, ध्वनिमुद्रिका केल्या आणि दिल्लीला जाऊन पंडित नेहरू व संविधान सभेचे सदस्य यांच्यापुढे प्रात्यक्षिके दिली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी सभागृहात केलेल्या निवेदनाचा कल ‘जन गण मन’च्या बाजूने होता, आणि त्याच्या सुरावटीची वाद्यवृंदासाठीची सोय हे त्यातले एक महत्त्वाचे कारण होते. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान असा निर्णय जाहीर केला. निर्णयामागे संगीताखेरीज राजकीय आणि सामाजिक कारणेही होती, आणि ती चालीने सुटणारी नव्हती. मात्र संगीतापुरता जो आक्षेप होता तो कृष्णरावांनी प्रत्यक्ष बांधणीने खोडून काढला, एवढे श्रेय त्यांना निःसंशय दिले पाहिजे. ‘शेजारी’सारख्या चित्रपटांत समूहाचा आवाज हाताळल्याचा अनुभव पाठीशी नसता तर केवळ मैफलीच्या गवयाला हे सुचले असते, असे मला वाटत नाही.

१९५६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली आणि तिची ध्वनिमुद्रिका तयार केली. येथे गाणारे होते नव्याने धम्म स्वीकारणारे लाखो लोक. अभंगांना नाट्यपदाचे रूप देणाऱ्या आणि राष्ट्रासाठी समूहगान बांधणाऱ्या संगीतकाराकडे हे काम यावे, यात मला योगायोग दिसत नाही.

या सर्व काळात मैफल आणि अध्यापन चालूच होते. भास्करबुवांनी १९११ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत गायन समाजाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. ‘रागसंग्रह’ या ग्रंथमालेच्या सात भागांत त्यांनी बंदिशी स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या, आणि मंगल तोडी, शिवकल्याण, तिलक केदार यांसारखे राग त्यांच्या नावावर आहेत. भारत सरकारने १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले आणि १९७२ मध्ये संगीत नाटक अकादमीने आपली फेलोशिप दिली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. मैफलीच्या गवयांत त्यांची गणना आजही काहीशी हात राखून केली जाते, कारण त्यांनी नाटक-सिनेमाला इतका वेळ दिला; परंतु ‘रागसंग्रहा’तील बंदिशी आणि ‘माणूस’मधील गाणे शेजारी ठेवून पाहणाऱ्या अभ्यासकाला दोन्हींत एकच हात ओळखता येतो, आणि ही तुलना सविस्तरपणे व्हायला हवी.