गोव्यातील स्थलांतरित हिंसापीडितांचे समुपदेशन व पाठपुरावा

परराज्यांतून कामधंद्यासाठी गोव्यात आलेल्या आणि घरात, कामावर किंवा देहव्यापारात अत्याचार सोसणाऱ्यांना धीर देणे, कायद्याची वाट दाखवणे व सरकारदरबारी त्यांची बाजू लावून धरणे, असे या कामाचे स्वरूप आहे. वास्कोतील बायणा, जवळचे झुआरीनगर, मडगावचा मोतीडोंगर, पणजीलगतचे चिंबल अशा भागांत उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा तसेच महाराष्ट्रातून आलेली कष्टकरी कुटुंबे राहतात.

स्त्री-अत्याचाराविरोधात गोव्यात १९८० च्या दशकापासून ‘बायलांचो साद’सारखे गट उभे राहिले. स्थलांतरित स्त्रियांचा प्रश्न मात्र बायण्यात ठळक झाला. तेथील देहव्यापाराच्या वस्तीत आंध्र प्रदेश व कर्नाटकातून आणलेल्या अनेक स्त्रिया होत्या. ‘अन्याय रहित जिंदगी’ (अर्ज) ही संस्था १९९७ पासून त्यांच्यात काम करू लागली. जून २००४ मध्ये, ऐन पावसात, सरकारने वस्ती पाडली. पुनर्वसन मागे पडले, धंदा इतरत्र पांगला आणि या स्त्रियांना गाठणेच कठीण झाले. पुढे संस्थेने ‘स्विफ्ट वॉश’ ही लाँड्री काढून काहींना रोजगार दिला.

घरगुती हिंसेत पहिली अडचण पत्त्याची. खोली ठेकेदाराची, पोलिसांकडे द्यायचा भाडेकरू पडताळणीचा फॉर्म भरलेला नाही, आधार कार्डावर कर्नाटकातल्या विजयपुऱ्याचा (विजापूर) पत्ता. मग मार खाल्लेली बाई नवऱ्याइतकीच पोलिसांनाही घाबरते. वास्तविक २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. स्त्रियांना मोफत कायदेशीर साहाय्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. पहिल्या भेटीतला निम्मा वेळ एवढे समजावण्यातच जातो. उरलेला भाषेत अडकतो. कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या बाईसोबत दुभाषा म्हणून दीरच आला, तर ती काय सांगणार? जाणते समुपदेशक आधी त्याला चहाला पाठवतात.

मुलांसाठी ‘गोवा बाल कायदा २००३’ व त्याखालील बाल न्यायालय आहे. स्त्रियांसाठी १८१ हेल्पलाइन आणि हिंसापीडितांना एकाच ठिकाणी मदत देणारी सरकारी सखी केंद्रे.

खटला उभा राहीपर्यंत फिर्यादी बरेचदा गावी परतलेली असते. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दृक्श्राव्य माध्यमातून साक्षीला वाव दिला आहे, पण त्यासाठी तिचा चालू मोबाइल नंबर कुणाच्या तरी वहीत असावा लागतो.