पंचगंगेचं पाणी आणि घरफाळ्याची हद्द

उन्हाळा तापला की कोल्हापूरच्या खाली, पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतात. मग शिरोळकर आणि इचलकरंजीकर कोल्हापूरकडे बोट दाखवतात, आणि इकडे कट्ट्यावर एकच निदान होतं: महापालिका भ्रष्ट आहे. मला हे निदान अपुरं वाटतं. महापालिकेत उद्या सगळे प्रामाणिक आले तरी एक हिशोब शिल्लक राहतोच.

समजा, शहरातून नदीत येणाऱ्या जयंती नाल्याचं सांडपाणी शुद्ध करायला १० रुपये लागतात. त्यातून शहराचा फायदा ६ रुपयांचा आणि खालच्या गावांचा ८ रुपयांचा. एकूण फायदा १४, खर्च १०, म्हणजे काम करायलाच हवं. पण घरफाळा भरणारा आणि नगरसेवक निवडणारा माणूस हद्दीच्या आतला. त्याच्या खिशातून १० जातात आणि पदरात ६ पडतात. तो रस्ताच मागणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

वॉलेस ओट्स या अर्थशास्त्रज्ञाने याचा नियम मांडला तो १९७२ साली, म्हणजे कोल्हापूरची नगरपालिका महापालिका झाली त्याच वर्षी. ज्या सेवेचा लाभ जेवढ्या मुलखाला, तेवढ्या मुलखाच्या सरकारने ती चालवावी. गल्लीतला दिवा महापालिकेने बघावा. नदीचा मुलूख मात्र ती सुरू होते त्या प्रयाग चिखलीपासून ती कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीपर्यंतचा, आणि त्या मापाचं सरकार आपल्याकडे नाही.

मग खालच्या गावांनीच कोल्हापूरला पैसे द्यावेत? एक तर ज्यांचं पाणी नासलं त्यांनीच पैसे मोजायचे, हे अन्यायाचं. शिवाय गणपतीच्या वर्गणीसारखं होतं: शेजारचं गाव देतंय म्हटल्यावर आपलं गाव कशाला देईल?

इथे वरच्या सरकारचं काम सुरू होतं, आणि इथलीच एक गोष्ट मला फार आवडते. राज्याने शहराला नुसते ४ रुपये दिले तर ते डांबरात जातील. पण 'तुम्ही सांडपाण्यावर १० खर्च केलेत तर त्यातले ४ आमचे' असं म्हटलं, तर शहरापुरता शुद्धीकरणाचा भावच ६ वर येतो. रक्कम तीच, पण पहिलीने पाकीट जाड होतं आणि दुसरीने वस्तू स्वस्त होते. म्हणून बाहेर सांडणाऱ्या लाभाचा एकूण लाभात जेवढा वाटा, खर्चातही वरच्या सरकारचा साधारण तेवढाच वाटा असावा, असं सिद्धांत सांगतो. सीमांत लाभाच्या, म्हणजे शुद्धीकरण आणखी थोडं वाढवल्यावर मिळणाऱ्या जादा लाभाच्या, गणितात इथे ८ भागिले १४, म्हणजे सुमारे ५७ टक्के; वरचे ४ रुपये म्हणजे शहर तोट्यात जाऊ नये इतकंच.

'वाहती नदी आपोआप शुद्ध होते' या श्रद्धेने या हिशोबाचं फार नुकसान केलंय. नदी शुद्ध होते ती विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंमुळे. मार्च-एप्रिलमध्ये कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर उभं राहून बघा: केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, पाणी झाकलेलं असतं, प्रवाह जवळजवळ थांबलेला असतो. तिथे ऑक्सिजन संपतो आणि पाण्याचं पावित्र्य माशाला श्वास देऊ शकत नाही.

आपल्याकडचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. आधी जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर. २०१७ साली जीएसटी आला आणि महापालिकेच्या हाती राज्याची भरपाई उरली. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला काही भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता, हे चांगलंच. पण त्याची वाटणी मुख्यतः लोकसंख्येवर होती. शहराची डोकी मोजली गेली. त्याच्या सांडपाण्याखाली किती गावं आहेत ते मोजलं गेलं नाही. ते मोजायला राजाराम बंधाऱ्यावर आणि तेरवाडला रोज पाण्याचा नमुना घ्यावा लागेल, आणि अनुदानाचा हप्ता त्या आकड्याला बांधावा लागेल.