परीक्षा-संशोधन : शालेय आणि वैद्यकीय

प्रश्नपत्रिका, ती तपासणारे परीक्षक आणि तिच्यावरून लागणारा निकाल यांची शास्त्रीय तपासणी म्हणजे परीक्षा-संशोधन. विद्यार्थ्याला ६२ गुण मिळाले, तर त्यातले त्याच्या अभ्यासाचे किती, पेपरच्या सोपेपणाचे किती आणि तपासणाऱ्याच्या हाताचे किती, हा या शाखेचा मूळ प्रश्न. भारतासारख्या देशात तो फार मोलाचा आहे. एका पेपरवर मुलाची पुढची दहा वर्षे ठरतात आणि दुसरी संधी घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते.

ठाणे आणि नवी मुंबईत या विषयाची दोन्ही टोके काही किलोमीटरच्या आत सापडतात. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागाचे कार्यालय वाशीत आहे. ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबईचे दोन्ही जिल्हे या विभागात येतात. कळव्याला ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. नेरूळ आणि कामोठे येथे अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कळव्याच्या एमबीबीएसचा पेपर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून येतो, तर अभिमत विद्यापीठे आपापले पेपर काढतात. अभ्यासक्रमाची राष्ट्रीय चौकट एकच असली तरी पेपर वेगळे आणि परीक्षक वेगळे. अभ्यासकाला तुलनेसाठी याहून चांगली जागा शोधावी लागू नये.

पूर्वपीठिका : परीक्षकाच्या हातावर पहिला आकडेशास्त्रीय संशय घेतला तो एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने, १८८८ मध्ये. १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि एलियट यांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतली. गुण २८ पासून ९२ पर्यंत पडले. भूमितीत तरी उत्तर बरोबर किंवा चूक एवढेच असते, हा समज तिथेच मोडला. यानंतरचे महत्त्वाचे नाव फिलिप हार्टोग यांचे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या शिक्षणविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून ते भारतीय शिक्षणाच्या इतिहासात ओळखीचे आहेत. १९३५ मध्ये त्यांनी ऱ्होड्स यांच्यासह इंग्लंडमधल्या परीक्षांवरचे काम प्रसिद्ध केले. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या आणि वर्षाहून अधिक काळाने त्याच परीक्षकांनी त्या पुन्हा तपासल्या. २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच निर्णय बदलला होता. दोन माणसांचे मत जुळत नाही हे कुणीही मान्य करील. पण एकाच माणसाचे स्वतःशीही जुळत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

स्वतंत्र भारतात राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर परीक्षेची सुचवू, असे म्हटले. पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या भारतभेटीनंतर १९५८ मध्ये केंद्रीय परीक्षा कक्ष सुरू झाला. कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक, या आयोगानेही परीक्षेवर बरेच लिहिले. बी.एड. करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेले ‘सप्रमाणता’ (जे मोजायचे तेच मोजले जाते का), ‘विश्वसनीयता’ (पुन्हा मोजले तर तेच येते का), ‘संविधान तक्ता’ (कोणत्या घटकावर किती गुणांचे प्रश्न, याचा आराखडा) हे शब्द याच काळातले. दुर्दैवाने बहुतेक शाळांत ते शब्द बी.एड.च्या वहीतच राहिले. संविधान तक्ता पेपर काढण्याआधी करायचा असतो. आपल्याकडे अनेकदा तो फाइलला लावण्यापुरता, पेपर छापून आल्यावर भरला जातो.

प्रश्नविश्लेषण : या शाखेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हत्यार. वैद्यकीय महाविद्यालयांतून प्रसिद्ध होणाऱ्या परीक्षाविषयक निबंधांत बहुपर्यायी प्रश्नांचे विश्लेषण हा नेहमीचा विषय आहे. रीत सोपी आहे. उत्तरपत्रिका गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायच्या, वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढायचे. हा २७ चा आकडा ट्रुमन केली या अमेरिकन संशोधकाने १९३९ मध्ये गणिताने काढला. मग प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांत किती जणांनी बरोबर सोडवला ते मोजायचे.

समजा, कळव्याच्या एखाद्या वर्गात १०० विद्यार्थी आहेत. प्रश्न असा : तुंबलेल्या पाण्यातून दोन तास चालत आलेल्या, पायाला जखम असलेल्या माणसाला लेप्टो होऊ नये म्हणून कोणते औषध द्याल? उत्तर डॉक्सिसायक्लिन. वरच्या २७ पैकी २४ जणांना आणि खालच्या २७ पैकी ९ जणांना ते आले. दोन्ही मिळून ५४ पैकी ३३, म्हणजे काठिण्यमूल्य ६१ टक्के. फरक १५, भागिले २७, म्हणजे भेदनमूल्य ०.५६. अभ्यास केलेला आणि न केलेला यांच्यात हा प्रश्न स्वच्छ रेघ ओढतो. तो जपून ठेवावा.

आता दुसरा. ‘डेंग्यूचा संशय असलेल्या रुग्णाची सर्वांत योग्य चाचणी कोणती?’ पर्याय : एनएस-१, आयजीएम, विडाल, रक्ताचे कल्चर. अपेक्षित उत्तर एनएस-१. वरच्या गटात ११ जण बरोबर, खालच्या गटात १६. भेदनमूल्य उणे ०.१९. हुशार मुले चुकली आणि कच्ची बरोबर आली, असे का व्हावे? कारण प्रश्नात ताप कितवा दिवस आहे ते लिहिलेलेच नाही. एनएस-१ पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम. ज्याने नीट वाचले होते तो इथेच अडखळला. ज्याने डेंग्यू म्हटले की एनएस-१ एवढेच घोकले होते तो पुढे निघून गेला. चूक पेपर काढणाऱ्याची आणि गुण गेले अभ्यास करणाऱ्याचे. आकडा उणे निघाला की प्रश्न रद्द करावा किंवा दुरुस्त करावा, एवढा साधा नियम आहे. आणि तो निकाल लावण्याआधी पाळायचा असतो, नंतर नव्हे.

याच तक्त्यातून चुकीच्या पर्यायांचीही तपासणी होते. शंभरातल्या पाचांनीही ज्याच्याकडे पाहिले नाही तो पर्याय निकामी. चारांतले दोन पर्याय निकामी असले, तर मुलापुढे प्रत्यक्षात नाणेफेकच असते. अंदाजाने उत्तर देण्याचा हिशेबही इथेच करून पाहावा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला उणे १. डोळे मिटून खूण केली तर चारांत एकदा ४ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे सरासरी प्रत्येक प्रश्नामागे पाव गुण फायदा. उणे गुणांमुळे अंदाज मारणे तोट्याचे ठरते, असे ठाण्यातल्या क्लासमध्ये मुलांना सांगितले जाते. गणित ते सांगत नाही.

प्रॅक्टिकल आणि तोंडी : वैद्यकीय परीक्षेचा हा भाग मोजायला सर्वांत अवघड. लाँग केसमध्ये, म्हणजे एकच रुग्ण सविस्तर तपासून परीक्षकापुढे मांडण्यात, एका विद्यार्थ्याच्या वाट्याला मायट्रल झडप आकुंचन पावल्याचा स्पष्ट रुग्ण येतो, दुसऱ्याच्या वाट्याला नीट बोलू न शकणारा, पोटदुखीचा. महापालिकेच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे परीक्षेला बसवलेले काही रुग्ण तर इतके सरावलेले असतात, की विद्यार्थ्याने स्टेथोस्कोप टेकवण्याआधीच ‘डाव्या कुशीवर वळू का, डॉक्टर? आवाज तसाच नीट येतो’ असे विचारतात. माणूस मायेने मदत करतो. पण शेजारच्या कॉटवरच्या विद्यार्थ्याला ती मिळत नाही. नशिबाचा हा वाटा कमी करण्यासाठी डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ‘ओस्की’ ही पद्धत मांडली. ठरावीक मिनिटांची अनेक स्टेशने, प्रत्येक विद्यार्थ्याला तेच काम, परीक्षकाच्या हातात तीच गुणयादी. २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमामुळे ती आपल्याकडे अधिक रुजली. तिला माणसे आणि जागा खूप लागते, ही तिची अडचण खरी आहे. शिवाय खऱ्या रुग्णाजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे कसब पाच मिनिटांच्या स्टेशनात मावत नाही. म्हणून लाँग केस पूर्णपणे काढून टाकू नये, तिला एकाऐवजी अधिक रुग्णांची जोड द्यावी, हे मत या लेखकाला पटते.

शालेय निकाल : दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला, २०२० मध्ये ९५.३० वर गेला. एका वर्षात मुले बारा टक्क्यांनी कच्ची आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली नव्हती. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. त्याच वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरही रद्द झाला. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. परीक्षेची रचना बदलली की निकाल किती हलतो, हे दाखवणारा याहून मोठा प्रयोग कुणी मुद्दाम करू शकला नसता. २०१९ मध्ये नापास झालेल्या मुलाला मात्र हे कुणी समजावून सांगितले नाही. ‘यंदाची बॅच ढ’ एवढे ऐकूनच तो घरी गेला.

उत्तीर्णतेची रेघ हा आणखी एक विषय. ३५ च्या रेघेजवळ आलेल्या पेपरकडे परीक्षक पुन्हा एकदा पाहतो, कुठे अर्धा, कुठे एक गुण सापडतो. सवलतीच्या गुणांची तरतूदही असते. मानवी दृष्टीने यात वाईट काही नाही. पण गुणांचा आलेख काढला की रेघेच्या अलीकडे खड्डा आणि रेघेवर उंचवटा दिसतो. संशोधकाला तो ओळखता यायला हवा, नाहीतर क्लास, माध्यम, घरची स्थिती यांच्या परिणामाबद्दलचे निष्कर्ष चुकतात. मंडळाच्या तपासणीत नियामक आणि मुख्य नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतात. ही सोय चांगली आहे, पण दुसऱ्या तपासणाऱ्याला पहिल्याचे गुण दिसत असतील तर त्याचा हात आपोआप त्या आकड्याकडे झुकतो. खरी दुहेरी तपासणी म्हणजे पहिले गुण झाकून केलेली.

भाषा : नीट मराठीतूनही देता येते, पण भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जातो. मुरबाड-शहापूरकडच्या मराठी माध्यमाच्या मुलीने मराठी वाक्य प्रामाणिकपणे वाचून उत्तर दिले आणि ते वाक्यच चुकीचे असेल, तर तो धोका तिचा. सारख्याच तयारीच्या दोन गटांना एखादा प्रश्न वेगवेगळा अवघड जातो का, हे तपासण्याच्या संख्याशास्त्रीय रीती उपलब्ध आहेत. मराठी आणि इंग्रजी पेपरांवर त्या दरवर्षी लावल्या पाहिजेत. हे काम मराठी जाणणाऱ्या अभ्यासकांखेरीज होणार नाही.

सामग्री आणि तिच्या अडचणी : २०१४ पूर्वीच्या आकडेवारीत ‘ठाणे जिल्हा’ म्हणजे आजचा पालघरही; १ ऑगस्ट २०१४ रोजी तो वेगळा झाला. जव्हार-मोखाडा वगळल्यामुळे चढलेली टक्केवारी ही शाळांची प्रगती समजली, तर सगळा लेख फसतो. विद्यार्थ्यांचे गुण ही खाजगी माहिती असल्याने वैद्यकीय महाविद्यालयात नैतिकता समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो आणि नावे काढून टाकावी लागतात. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये माहिती अधिकाराखाली मान्य केला, आणि राज्य मंडळही छायाप्रत देते. मंडळाच्या निकालाबरोबर विभागनिहाय, विषयनिहाय, मुले-मुली अशी टक्केवारी जाहीर होते. भूमितीच्या पेपरातला चौथा प्रश्न किती जणांना सुटला, हे त्यात नसते. ते शाळेला स्वतःच्या पूर्वपरीक्षेच्या गठ्ठ्यातून काढता येते. ४० उत्तरपत्रिका, वरच्या ११, खालच्या ११, एक आखीव कागद आणि शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावरचे दोन तास, इतकेच त्याला लागते.